कसलीही अट नाही

लग्नाच्या पंगतीत शेजारी निकाळजे सर आले की जेवण बेताचंच होणार, हे मंठ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वाढपी भात घेऊन येईपर्यंत सरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला धरलेलं असायचं. "पाहुणे, समजा आत्ता नवरदेवाचा घोडा उधळला आन् सरळ तुमच्याकडं आला. हातात पत्रावळ. काय करता?" पाहुणा आधी हसायचा, मग गांगरायचा. सर मात्र उत्तरासाठी इतक्या गंभीरपणे थांबायचे की बिचाऱ्याला बोलावंच लागायचं. "पत्रावळ टाकतो आन् पळतो." "पळा की. पण मागं आचाऱ्याची भट्टी आहे." मग खिशातून चिंचोके निघायचे. मधोमध फोडलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. सर ते मूठभर चिंचोके पत्रावळीशेजारी टाकायचे, पांढऱ्या बाजू किती वर आल्या ते बघायचे आणि निकाल द्यायचे, "पळाला. पण पायजमा पेटला."

एका लग्नात एक जावईबापू एवढे रंगात आले की त्यांनी तो घोडा पकडला, वर बसले आणि नवरीच्या मामाच्या अंगावर घातला. हे सगळं ते मोठमोठ्यानं हातवारे करत सांगत होते आणि मामा वरणाची बादली घेऊन मागंच उभा होता. पुढं दोन वर्षं त्या दोघांत बोलणं नव्हतं. सरांना वाईट वाटलं नाही. म्हणाले, "पण गडी बसला की न्हाई घोड्यावर? घरी बायकोपुढं तोंड उघडत न्हाई तो."

निकाळजे सर कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचे. माझं बी-बियाणांचं दुकान त्यांच्या घराच्या वाटेवर, त्यामुळं ते मला 'शेठ' म्हणायचे आणि माझ्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर हक्कानं बसायचे. पंगतीत ते जे करायचे ती झलक होती. खरा खेळ रविवारी दुपारी त्यांच्या घरी, समोरच्या खोलीत चालायचा. टेबलाभोवती पाच-सहा माणसं. एक जण गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी पळून आलेला शिपाई. सांगणारा विचारणार, तुम्ही काय करता? जमतं की नाही ते चिंचोके ठरवणार. हरणं-जिंकणं नाही. गोष्ट कुठं जाते ते कुणालाच माहीत नाही, सांगणाऱ्यालासुद्धा.

सर पुण्याला शिकत असताना वसतिगृहात हा प्रकार शिकले होते. मूळ खेळ परदेशातला. सरांनी त्याला इकडची माती दिली. राक्षस आणि किल्ले काढले आणि एका नदीकाठचा प्रदेश रचला, त्याचं नाव 'मुलूख'. नकाशा त्यांनी स्वतः काढला. आधी विहिरी काढल्या, मग गावं. 'सरांनी हा खेळ मराठवाड्यात आणला' असं कुणी म्हटलं की ते चिडायचे. "आणला न्हाई, पेरला म्हणा."

हे पेरण्याचं प्रकरण त्यांनी मला माझ्याच दुकानात समजावलं होतं. काउंटरवरचं एक पाकीट उचललं. "शेठ, ह्या हायब्रीडमधून राखलेलं बी पुढच्या साली पेरलं तर?"

"उतारा पडतो, पीक निम्मंच येतं," मी म्हणालो.

"पडतो. मंग गडी परत तुमच्या दारात. आता माझ्या मायचं गावरान तुरीचं बी घ्या. मडक्यात राखेत ठेवलेलं. शेजारीण मागाय आली की ओंजळभर द्यायचं, तिनं पुढं कुणाला द्यायचं. ह्या खेळाचं तसंच आहे. ज्यांनी नियम पहिल्यांदा लिहिले त्यांनीच सांगून ठेवलंय, घ्या, बदला, वाटा. फकस्त तुम्ही घेतलं तसं पुढच्यालाही घेऊ द्या."

माझ्या दुकानात बसून माझाच धंदा बुडवायची भाषा. मी चहा सांगितला. दुसरं काय करणार?

'मुलूख'ची पुस्तिका म्हणजे झेरॉक्सची वीस-बावीस पानं. सर ती न्हाव्याच्या दुकानात ठेवायचे, एसटीच्या सीटवर विसरल्यासारखी सोडून यायचे. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: 'झेरॉक्स काढा. चुकलं असेल तर दुरुस्त करा. आवडलं नाही तर फाडा. मला विचारायला येऊ नका.' तरीही लोक विचारायला यायचेच. 'अधिकृत' ह्या शब्दाचा तर सरांना इतका तिटकारा की सरकारी परिपत्रकात तो दिसला तरी नाक मुरडायचे. कुणी विचारलं, "सर, अधिकृत नियम काय आहे?" की उत्तर ठरलेलं, "तुमचं टेबल, तुमचा नियम. करून बघा."

टेंभुर्णीच्या लोकांनी हे फारच मनावर घेतलं. तिथं शिक्षक, किराणावाले, एक गवंडी असं टेबल जमलं होतं. त्यांनी मुलखातली नदीच आटवून टाकली, दुष्काळ घातला आणि साप चावण्याचे नवे नियम केले. सरांना कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे रागावणार. सर एसटीनं टेंभुर्णीला गेले आणि कोपऱ्यात साधे खेळाडू म्हणून बसले. संध्याकाळी परतले ते थेट माझ्या दुकानात. चेहरा असा, जणू मुलगा पास झालाय. "मारलं राव मला! माझ्याच मुलखात, त्यांच्या नियमानं! बिलकुल दया न्हाई. साप चावला, पाणी न्हाई, मेलो." आणि मग स्वतःशीच म्हणाले, "आता हे माझ्याबिगर जगतं, शेठ." त्यांना इतकं सुखी मी नंतर कधी पाहिलं नाही.

आता कमलवहिनींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय सर निम्मेच. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. जीभ तिखट. नवऱ्याला त्यासुद्धा 'सर'च म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी तो शब्द चिमटा काढल्यासारखा लागायचा. "ओ सर, मुलूख वाचवून झाला असंल तर गॅसची टाकी बदला." सुरुवातीला त्या खेळणाऱ्यांना नुसता चहा द्यायच्या आणि हसायच्या. मग एका रविवारी ट्रे ठेवून तिथंच बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या नदीवर नाव चालवायला कुणीच कसं न्हाई? मी चालवते."

तेव्हापासून मुलखात मैना नावाडीण आली. पलीकडं जायचं तर तिच्याच नावेतून. आणि तिचा कायदा एकच होता. ती पैसे घ्यायची नाही. ती म्हणायची, "एक खरं बोला. गोष्टीतल्या गड्याचं न्हाई, तुमचं सोताचं. मंग बसा."

पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनीच थट्टा केली. रऊफभाई म्हणून आमच्यात एक कूलरवाला होता. धिप्पाड, हसरा, टेबलावरचा सगळ्यात मोठा आवाज. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "खरं बोलू? भूक लागली."

वहिनी म्हणाल्या, "ते नदीला दिसून राह्यलंय. दुसरं."

"बायकोला भितो."

"ते गावाला माहीत आहे. दुसरं."

रऊफभाई हसता हसता थांबला. हातातल्या पुस्तिकेकडं बघत राहिला. ती तो कित्येक महिने प्रत्येक रविवारी समोर उघडून बसायचा. मग हळू म्हणाला, "मला वाचता येत न्हाई, भाभी. दुकानाची पाटी पण मला वाचता येत न्हाई."

वहिनींनी दया दाखवली नाही, उपदेश केला नाही. फक्त म्हणाल्या, "बसा. नाव हालंल, काठ धरा." पुढच्या रविवारपासून रऊफभाई आमच्या आधी तासभर यायला लागला. दोघं स्वयंपाकघरात पाटी घेऊन बसायची. आम्ही पोहोचलो की पाटी आत जायची.

मैना नावाडीण हळूहळू सगळ्या टेबलांवर गेली. टेंभुर्णीत नदी आटली तरी ती होती, लोकांना हात धरून वाळूतून पलीकडं न्यायची. वडीगोद्रीच्या टेबलावर एका माणसानं तिच्या नावेत बसायला म्हणून सांगितलं की भावाशी बोलणं मीच तोडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो भावाकडं गेला. रविवारी दुपारी आमच्या टेबलावर जे चालायचं ते सर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचे. नवीन लोकांना ऐकवायला, नावाडीण कशी बोलते ते कळावं म्हणून.

मग परदेशातून ती बातमी आली. मूळ खेळाची मालकी असलेल्या कंपनीनं जाहीर केलं की जुनी परवानगी आता चालायची नाही, नव्या अटी येणार. पुढं जगभर बोंबाबोंब झाली आणि ती कंपनी मागं सरली म्हणे. पण सरांचा विश्वास उडाला तो उडालाच. कित्येक दिवस ते दुकानात येऊन नुसते बसायचे. "दिलेलं परत मागतात, शेठ. ओंजळीतलं बी."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी 'मुलूख' पहिल्यापासून पुन्हा लिहिला. परक्या नियमांचा एक शब्द ठेवला नाही. पुस्तिका, नकाशे, सगळ्या गावांची माहिती, रविवारची रेकॉर्डिंगं, सगळं एकत्र करून इंटरनेटवर टाकलं. आणि शेवटी परवानगी लिहायला बसले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी लिहिलं, 'हे सर्व सर्वांचं आहे. कसलीही अट नाही.'

वहिनी मागून वाचत होत्या. म्हणाल्या, "ओ सर, येक अट राहू द्या. घेणाऱ्यानं पुढच्याला अडवू न्हाई. पह्यलं होती ना तशी."

"अट म्हणजे अट, कमल. अटीनंच तर घात केला आपला."

"कुंपण नका घालू. पण बांध तरी राहू द्या की. बांधच न्हाई ठेवला तर कुणाचं वावर कुठं सरतं, कसं कळंल?"

सरांनी ऐकलं नाही. फार साधी, फार भल्या माणसाची चूक. भाजलेला माणूस चूलच मोडून टाकतो, तसं त्यांनी केलं. मला आजही राग येतो, तो कंपन्यांचा येतो, पण त्याहून जास्त सरांचा येतो. एक ओळ. एक ओळ राहू दिली असती तर.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वहिनी गेल्या. पोटाचं दुखणं होतं, निदान झालं तोवर वेळ गेली होती. सरांनी रविवारचं टेबल बंद केलं. खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या. मी जायचो, नुसता चहा व्हायचा. चिंचोकेसुद्धा खिशात नसायचे.

मग एका रविवारी संध्याकाळी मी तिथं असताना टेंभुर्णीच्या गवंड्याचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला. "जय भीम, सर. सांगू का नको, असं व्हऊन राह्यलं व्हतं. आज आमच्या टेबलावर वहिनी आल्त्या."

"कोण?"

"मैना नावाडीण हो. आमच्या किराणावाल्यानं केली. त्यानं सोसायटीच्या निवडणुकीचं काहीबाही खरं म्हणून सांगितलं, तर ती म्हन्ली, हे पेपरात छापून आलंय, दुसरं बोल. समदे हसले. मंग समदे रडले."

सरांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "बराबर. कमल असंच म्हणली असती."

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी फोन यायला लागले. टेंभुर्णीहून, वडीगोद्रीहून, पुढं परतूरहूनही. आज नावाडीण काय म्हणाली, कुणाला तिनं नावेतून उतरवलं, कुणाला फुकट नेलं. सर कान देऊन ऐकायचे, कधी कधी दुरुस्त करायचे, "न्हाई न्हाई, ती रागावली की आवाज बारीक करायची, मोठा न्हाई." आठवडाभर ते त्या फोनांवर जगायचे. बायको गेलेला माणूस फोटोला हार घालतो. सरांच्या बायकोला जिल्हाभरची माणसं दर रविवारी बोलती ठेवत होती.

नितीन सरांचा विद्यार्थी, वडीगोद्रीचा. हुशार, सरांवर जीव टाकणारा. शिकून पुण्याला एका मोबाईल गेमच्या कंपनीत लागला होता. एक दिवस पेढे घेऊन आला. "सर, आपला मुलूख आता देशभर जाणार! आमच्या साहेबांना लई आवडला. ॲप करून राह्यलोत." सरांनी त्याला मिठी मारली. मीही पेढा खाल्ला. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता.

ॲप आलं. नकाशा सरांचाच, नुसता रंगीत. विहिरी त्याच. गोष्ट सांगायला आता माणूस लागत नव्हता, मशीन सांगायचं. आणि मैना नावाडीण बोलायची ती वहिनींच्या आवाजात. त्या रविवारच्या रेकॉर्डिंगवरून कंपनीनं आवाज तयार केला होता. तोच खरखरीत आवाज, तेच शेवटी जरा ओढून बोलणं. सरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन त्यांच्या हातातून खाली पडला.

महिनाभरानं टेबलांना नोटिसा गेल्या. 'मुलूख' हे नाव आणि 'मैना नावाडीण' हे पात्र आता कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे. ह्या नावांनी कार्यक्रम घेऊ नयेत, पुस्तिका वाटू नयेत. टेंभुर्णीचे शिक्षक नोकरीवाले, ते घाबरले. किराणावाला म्हणाला, वकिलाची कटकट कुणाला पाहिजे? परतूरच्या पोरांना तर ॲपच आवडलं. कुणाच्या घरी जायला नको, कुणाची वाट बघायला नको, बसल्या जागी अंगठ्यानं खेळा.

नितीन धावत आला. येताना पेढे नव्हते. "सर, मी भांडलो साहेबांशी. आईची आन." तो रडत होता. "ते म्हणतात, सरांनीच लिहिलंय, कसलीही अट न्हाई. वकिलांनी तुमचीच ओळ दाखवली मला."

सर म्हणाले, "बराबर आहे त्यांचं. तू पाणी पी."

मी सरांना बळंच जालन्याला वकिलाकडं नेलं. वकील सज्जन होता, सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमचा मजकूर आजही मोकळाच आहे, सर. खेळा तुम्ही. नाव बदला फक्त, नावाडिणीचंही बदला. आवाजासाठी लढता येईल, पण तोही तुम्हीच वाटलेला आहे. कंपनी मोठी आहे, वर्षं जातील."

परतीच्या वाटेवर सर खिडकीतून बघत होते. मी म्हणालो, "सर, नाव बदलू की. मैनेचं साळुंकी करू. त्यात काय एवढं?"

"बदलू की," ते म्हणाले. मग मंठा जवळ आल्यावर म्हणाले, "त्यांनी चोरी न्हाई केली, शेठ. चोरी झाली असती तर फिर्याद तरी देता आली असती. मी सोताच्या हातानं तिला देऊन टाकलं."

आम्ही नाव बदलून दोन-तीन रविवार खेळून पाहिलं. रऊफभाई आला, मी होतो. चौथी खुर्ची भरेना. नदीपाशी आलो की खेळ अडायचा, कारण साळुंकी नावाडीण करायला कुणाचीच जीभ उचलायची नाही. रविवार संध्याकाळचे फोन आधी कमी झाले, मग थांबले. सर तरीही पाच वाजल्यापासून फोन समोर ठेवून बसायचे. मी एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवरून खोटा फोन करावा का, असाही विचार केला. पण त्या माणसाला खोटा फोन कसा करणार?

परवा मंठ्याच्या बसस्थानकावर मी परभणीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. बाकावर सर दिसले. वाळले होते, दाढी वाढलेली. मोबाईल तोंडाजवळ धरून हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं, फोन आलाय कुणाचा तरी, बरं झालं. त्यांचं होईपर्यंत मी मागंच थांबलो.

ते म्हणत होते, "परवा तुझा चष्मा सापडला, पिठाच्या डब्यामागं. तिथंच ठेवलाय. घर खायला उठतं, कमल. हे खरं आहे. आता तर बसू दे."

मोबाईलमधून वहिनींचा आवाज आला. तसाच खरखरीत, शेवटी जरा ओढलेला. "कृपया खालीलपैकी एक पर्याय निवडा."

पडद्यावर तीन चौकोन होते: 'मी शूर आहे', 'मी दमलो आहे', 'मला घाई आहे'. सर त्यांच्याकडं बघत राहिले. आवाज पुन्हा तेच म्हणाला. माझी गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला, मी सरांच्या खांद्याला हात लावायला पुढं झालो आणि थांबलो. त्यांचं बोट काचेवरून फिरत होतं. कुठल्याच चौकोनावर ते टेकत नव्हतं.